‘सेट’ या शब्दाच्या कसोटीवर एटिमॉनलाइन

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती विनामूल्य सांगणारे ‘एटिमॉनलाइन’ हे डग्लस हार्पर यांनी उभे केलेले संकेतस्थळ मी बराच काळ वापरत आहे. त्याचे परीक्षण लिहिताना ग्रीक-लॅटिन वळणाचा भारदस्त शब्द न घेता मी मुद्दाम ‘सेट’ हा शब्द निवडला, कारण हा चिमुकला शब्द कोशकारांना घाम फोडणारा आहे. १९८९ साली वीस खंडांत निघालेल्या ऑक्सफर्ड कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती; एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ तिथे नोंदवलेले होते. (हा मान पुढे ‘रन’कडे गेला.)

एटिमॉनलाइनवर एवढे अर्थ शोधू नयेत. अर्थांची मोजदाद करणे हे त्याचे कामच नव्हे. हा शब्द आला कुठून, या प्रश्नाचे उत्तर मात्र तिथे चोख मिळते. क्रियापद ‘सेट’ हे जुन्या इंग्रजीतील ‘सेत्तान’पासून आले असून ते ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे नेमके आपले ‘बसणे’ आणि ‘बसवणे’. हे एकदा ध्यानात आले की त्या अर्थांच्या जंजाळाची मराठी वाचकाला धास्ती वाटेनाशी होते, कारण आपणही मूर्ती बसवतो, नाटक बसवतो, निखळलेले हाड बसवतो आणि विस्कटलेल्या संसाराची घडीही बसवतो. इंग्रजीत सूर्यसुद्धा मावळताना ‘सेट’ होतो, तो याच बसण्याच्या ओघात.

‘डिनर सेट’ किंवा ‘दागिन्यांचा सेट’ यांतील नाम मात्र निराळ्या घरचे आहे. ते जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा समूह, हा शब्द आहे. पंथवाचक ‘सेक्ट’ही त्याचाच. रंगभूमीवरचा ‘सेट’ बसवण्यातून आलेला, तर त्यावर मांडलेला ‘टी सेट’ अनुयायांच्या कुळातला, असा हा मामला आहे. अर्थात उच्चार एकच असल्याने दोन्ही प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले, आणि नामाच्या बाबतीत क्रियापदाचा प्रभाव कुठे संपतो हे सांगणे अवघड होऊन बसले. संकेतस्थळही ही सरमिसळ लपवत नाही, हे मला विशेष आवडले.

त्याचा खरा लाभ धातूंच्या पानांवर आहे. शब्दाखाली दिलेल्या दुव्यावरून मूळ भारत-युरोपीय (म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज मानलेल्या भाषेतील) धातूकडे, शब्दाच्या मुळाकडे, जाता येते आणि तिथे संस्कृत भावंडे भेटतात. पहिल्या ‘सेट’चा धातू आपल्या ‘सद्’चा सोयरा, म्हणजे संसद, सभासद आणि उपनिषद यांच्या गोतावळ्यातला, दुसऱ्याचा धातू ‘सच्’ म्हणजे सोबत असणे, अनुसरणे याचा, ज्यापासून आपला ‘सचिव’ झाला. संसद आणि सचिव एकाच इंग्रजी शब्दाच्या दोन दारांशी उभे दिसावेत, याची मौज काही वेगळीच.

तक्रारीची जागाही इथेच आहे. संस्कृत शब्द रोमन लिपीत, दीर्घत्वाच्या व मूर्धन्य वर्णांच्या (ट, ड, ण यांसारख्या) खुणांविना छापलेले असतात. ‘नीड’ म्हणजे घरटे, हा इंग्रजी ‘नेस्ट’चा सख्खा भाऊ, पण त्या लेखनात तो असा दिसतो की संस्कृत येणाराही क्षणभर थबकावा. शिवाय नोंदीत दिलेले वर्ष त्या शब्दाचा लिखित पुरावा केव्हापासून मिळतो तेवढेच सांगते, जन्मवर्ष नव्हे. घाईने वाचणाऱ्याचा तिथे हमखास गैरसमज होतो.

शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणाऱ्यांनी, अनुवादकांनी आणि शब्दांच्या मागे लागण्याचे व्यसन असलेल्यांनी ते जरूर वापरावे. वाक्यातला नेमका अर्थ हवा असेल, तर मात्र शेजारी एखादा चांगला कोश उघडा ठेवावा लागेल. आणि हो, महाराष्ट्रात प्राध्यापकीसाठी द्यावी लागणारी ‘सेट’ परीक्षा या दोन्ही कुळांतली नाही. ती नुसती आद्याक्षरांची जुळणी आहे.