नुसत्या फोटोंचा सिनेमा: 'ला जेते'

लग्नाचे अल्बम लावणं हे माझं पोटापाण्याचं काम. गिरगावात बसून दिवसभर हजारभर फोटोंतले शंभर निवडायचे, बाकीचे उडवायचे. त्यामुळे कुणी मला 'फोटो जोडून सिनेमा केलाय' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, एक फोटो किती वेळ ठेवलाय?

क्रिस मार्करच्या 'ला जेते'मध्ये (१९६२) याचं उत्तर दर वेळी वेगळं आहे, आणि तिथेच तो जिंकतो. २८ मिनिटांचा फ्रेंच सिनेमा, काळापांढरा, जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालंय, उरलेसुरले लोक जमिनीखाली राहतायत. तिथे कैद्यांवर प्रयोग चालतात: त्यांना दुसऱ्या काळात पाठवायचं आणि मदत आणायची. बरेच जण मरतात नाहीतर वेडे होतात. नायकाची निवड होते, कारण लहानपणी ऑर्ली विमानतळाच्या सज्जावर पाहिलेला एका बाईचा चेहरा त्याच्या डोक्यातून जात नाही. डोळ्यांवर पट्टी, इंजेक्शन, आणि तो तिच्यापाशी पोचतो. खरंच पोचतो, की तिथेच पडल्या पडल्या त्याला भास होतोय? निवेदकही छातीठोक काही सांगत नाही.

दोघं प्राण्यांच्या एका म्युझियममध्ये फिरतात, तिथले सगळे प्राणी पेंढा भरलेले. काळा घोड्याच्या म्युझियममध्ये लहानपणी आपण बघितलेत तसलेच. पण इथे माणसंही फोटोतच गोठलेली. ती हसत काचेकडे वाकते, पलीकडचा प्राणी तिच्याकडे बघतो, आणि दोघांत जिवंत कोण हे डोळ्यांना ठरवता येत नाही. एवढ्या गोड प्रसंगातही तो माणूस एकटाच आहे हे मला तिथे लख्ख दिसलं.

आणि ती झोपलेली असतानाचा तुकडा. उशीवर तिचा चेहरा, एका फोटोत दुसरा विरघळतोय, पाखरांचा कलकलाट वाढतोय. मग ती डोळे उघडते. म्हणजे खरोखर उघडते, पापण्या हलतात! अख्ख्या सिनेमात हलणारी एवढीच जागा, काही सेकंदांची. लगेच कट, समोर प्रयोग करणाऱ्याचा चेहरा. आमच्याकडे एखाद्या क्लायंटने 'इथे जरा व्हिडिओ टाका ना' म्हटलं की दहा ठिकाणी टाकतात. या बाबाने एकदाच टाकला.

भविष्यातल्या माणसांचा भाग मात्र मला पटला नाही. कपाळावर टिकल्यांसारखं काहीतरी लावलेले गंभीर चेहरे अंधारात तरंगतात, आणि जगाचा प्रश्न फारच चटकन सुटतो. तेवढा वेळ त्या बाईला दिला असता तर बरं झालं असतं. (१९९५च्या '१२ मंकीज'चं मूळ हेच. तो आधी पाहिला असेल तर शेवटाचा अंदाज येईल, तरी धक्का बसतोच.)

बघणार असाल तर इंग्रजी निवेदनाची आवृत्ती शोधा. सबटायटल वाचत बसलात तर नजर खालीच अडकते आणि फोटो निसटतो. हेडफोन हवेतच, कारण प्रयोगाच्या वेळची कुजबुज आणि हृदयाचे ठोके फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. लोकलमध्ये तर बघूच नका. धक्काबुक्कीत पापण्या हलल्याचं तुम्हाला कळणारही नाही.