पुसलेलं साल: एक थेंब की रात्रभर व्हिनेगर?

बफेलो निकेल, म्हणजे अमेरिकेचं जुनं पाच सेंटचं नाणं, जमवणाऱ्याच्या डब्यात बिनसालाची नाणी साठतातच. १९१३ ते १९३८ या काळात ही नाणी पाडली गेली, आणि नाण्याचं चित्र घडवणाऱ्या जेम्स अर्ल फ्रेझरने साल टाकलं ते नेमकं पुढच्या बाजूच्या इंडियनच्या (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाच्या) खांद्यावर, जिथे झीज सगळ्यात आधी पोचते. वीस-पंचवीस वर्षं खिशाखिशांतून फिरल्यावर चेहरा ओळखू येतो, मागची म्हैस (गवा म्हणा हवं तर) ओळखू येते, पण साल सपाट. न्यू जर्सीतल्या जुन्या बाजारात असली नाणी मुठीने मिळतात. मी त्यातलीच घेतो.

साल परत आणायचे दोन मार्ग मी वापरले आहेत: फेरिक क्लोराइडचा (तांबं खाणाऱ्या रसायनाचा) थेंब, नाहीतर व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवणं. तत्त्व एकच. ठसा मारताना आकड्यांच्या जागचा धातू आणि बाजूचा धातू सारखा दाबला जात नाही. वरचा उठाव झिजून गेला तरी हा फरक आत शिल्लक राहतो, आणि आम्ल दोन्ही भाग सारखे खात नाही. म्हणून आकडे पुन्हा दिसू लागतात.

फेरिक माझ्या जुन्या ओळखीचं. डिप्लोमाला असताना पुण्यात बुधवार पेठेतून त्याची पूड आणायची आणि पीसीबी (सर्किट बोर्ड) एच करायचे, म्हणजे त्यावरचं नको ते तांबं खाऊन काढायचं, हा आमचा उद्योग. त्यामुळे पहिली पसंती अर्थात त्यालाच होती. खांद्यावर एक थेंब टाकायचा, नजर हटवायची नाही, दोन-चार मिनिटांत पुसायचं. दिव्याखाली नाणं तिरकं धरलं की आधी ‘१९’ आणि मग हळूहळू पुढचे आकडे. पहिल्यांदा ‘१९२६’ दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो. सान फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं १९२६ म्हणजे फक्त ९ लाख ७० हजार नाणी. उलटं करून फाइव्ह सेंट्सच्या खाली पाहिलं, तर टांकसाळीचं अक्षरच नाही. फिलाडेल्फियाचं, म्हणजे अगदी साधं. बसलो परत.

वेगाच्या बाबतीत फेरिकला तोड नाही, हे मान्यच. माझं बिनसलं ते डागावरून. थेंब पडला तेवढी जागा कायमची वेगळी दिसते: खरबरीत, कधी पांढुरकी, कधी कडेला तपकिरी रिंगण. शर्टाला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावावं तसं. थेंब गालाकडे ओघळला तर ठिगळ आणखी मोठं. एकेक नाणं हातात घेतलं तर खटकत नाही, पण फोल्डरमध्ये (नाणी बसवायची भोकं असलेल्या पुठ्ठ्यात) वीस नाणी ओळीने बसवली तेव्हा आधी वीस डाग दिसले, साल नंतर. शिवाय माझ्या काही नाण्यांवरचे आकडे काही महिन्यांनी पुन्हा फिके झाले. दुसरा थेंब दिला, तर आकडे थोडे आणि डाग जास्त.

मग व्हिनेगर. नुसत्या पांढऱ्या व्हिनेगरला माझ्याकडे आठ-दहा दिवस लागले. त्यात औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, तर बहुतेक नाणी एका रात्रीत झाली. पाणी निळसर-हिरवं होतं, ते धातूचं आहे. त्यामुळे भांडं स्वयंपाकघरातलं नको, हातमोजे हवेत आणि झाकण घट्ट लावू नका, आत वायू होतो. शेवटी सोड्याच्या पाण्यातून काढून धुवायचं. घरच्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, “लोणचं घातलंयस का?” तेव्हापासून बरणी गॅरेजमध्ये.

यातही तोटा आहेच. नाणं दोन्ही बाजूंनी किंचित खाल्लं जातं आणि चमक जाते. पण जाते ती सगळीकडून सारखी. नाणं एकाच मंद रंगाचं होतं, म्हातारं दिसतं, ठिगळ लावलेलं नाही. आणि एक फायदा मला उशिरा कळला: मागचं पुसट झालेलं टांकसाळीचं ‘डी’ (डेन्व्हर) किंवा ‘एस’ (सान फ्रान्सिस्को) हे अक्षरही कधीकधी याच बुडवणीत वर येतं. थेंब फक्त साल सांगतो. टांकसाळ कळल्याशिवाय नुसत्या सालाचं करायचं काय?

किमतीसाठी करणार असाल तर दोन्ही सोडा. अशी नाणी ‘अ‍ॅसिड डेट’ म्हणूनच विकली जातात, आणि दुर्मीळ साल निघालं तरी भाव मूळ नाण्याच्या जवळपासही जात नाही. फोल्डरमधली भोकं भरण्यापुरताच हा खेळ. ज्या नाण्यावर म्हैस उंचवट्यावर उभी आहे, त्याला तर हातच लावू नका. तो नमुना फक्त १९१३चा, त्याचं साल न वाचताही कळतं. आजीच्या डब्यातल्या चांदीच्या रुपयापासूनही दोन्ही बाटल्या लांब ठेवा.

घाई असेल, दोन-तीनच नाणी असतील आणि फक्त कुतूहल शमवायचं असेल, तर फेरिकला मी नाही म्हणणार नाही. काहींचा हात माझ्यापेक्षा स्थिर असतो, त्यांचे डागही कदाचित लहान पडत असतील. माझी फेरिकची बाटली अजून आहे. गॅरेजच्या वरच्या फळीवर, डब्यात घालून, खाली जुना पेपर. व्हिनेगरची बरणी मात्र खालच्या फळीवर, हाताशी, आणि तिच्यात आत्ता अकरा नाणी आहेत.