आठ महिने 'एम' (मॅन्युअल) मोडवर: निकॉन डी ५६०० आणि जुनी ५० मिमी लेन्स

गेल्या मे महिन्यात ओळखीतून वापरलेला निकॉन डी ५६०० कॅमेरा घेतला, सोबत ५० मिमी एफ/१.८ डी ही जुनी लेन्स. या बॉडीत फोकसची मोटर नाही, लेन्समध्येही नाही. म्हणजे फोकस हातानेच. मला तेच हवं होतं. ही जोडी घेणार असाल तर लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची; एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) एफ/२२ वर लॉक करून ठेवा, नाहीतर कॅमेरा एरर दाखवतो आणि फोटो निघत नाही. अ‍ॅपर्चर बदलायचं ते कॅमेऱ्यातून: शटरजवळचं अधिक-उणेचं बटण दाबून धरायचं आणि डायल फिरवायचा. नुसता डायल फिरवला की शटर स्पीड, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो ते, बदलतो. बोटांना याची सवय व्हायला महिना लागला.

त्याच महिन्यात एका गोष्टीने छळलं. शटर १/१२५ सेकंदावरून १/५०० वर नेला तरी फोटो तेवढाच उजळ. शटर आणि छिद्र आपणच ठरवायच्या 'एम' मोडमध्येही ऑटो आयएसओ (प्रकाशाला असलेली सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलणं) चालू राहू शकतो, हे लक्षातच आलं नव्हतं. मी दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) प्रकाश कमी करत होते आणि कॅमेरा आयएसओ चौपट करून तो भरून काढत होता. ते बंद केलं आणि मग कुठे एकेक स्टॉपचा फरक डोळ्यांना दिसायला लागला.

पण खरा धडा मिळाला वारीत, दिवे घाटात. ढगाळ उजेड, समोर पांढरी धोतरं, सदरे, टोप्या. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मधोमध आणून फोटो काढले, तर सगळे कपडे राखाडी! मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या राखाडीइतकं उजळ धरून तो हिशेब मांडतो. काटा एक स्टॉप अधिककडे नेला तेव्हा पांढरं पांढरं आलं. पुढे मामाच्या गोठ्यात याच्या उलट करावं लागलं. म्हैस काळी दिसायला हवी, तर काटा उणेकडे. आता चौकटीत काय भरलंय हे आधी पाहते, काटा नंतर.

फोकसचं म्हणाल तर एफ/१.८ वर एक मीटरवरून जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. आजी मेथी निवडत होती तेव्हाचे बहुतेक फोटो त्यामुळेच गेले. नाकाचा शेंडा लख्ख आणि डोळे धूसर. एफ/२.८ वर आल्यावर आणि व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातल्या, फोकस जमला की लागणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवायला शिकल्यावर जमलं. तिच्या डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या आलेला तो एक फोटो माझ्यासाठी या आठ महिन्यांची कमाई आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर गेले होते. ऑटोवर तिथे फ्लॅश उघडतो आणि पणत्यांचा सगळा उजेड मारून टाकतो. आयएसओ १६००, एफ/२, १/६० वर दगडी पायऱ्यांवरची पिवळी झाक जशी दिसत होती तशी आली. अंधारात हिरवा ठिपका लुकलुकत राहायचा, मग ज्योतीच्या कडेवर फोकस धरायचा. उजाडायला लागलं तसा दर दोन-तीन मिनिटांनी शटर वाढवत गेले. तो हिशेब हातात आपोआप येत होता, याचा आनंद फोटोंपेक्षा मोठा होता.

घरातल्या एलईडी दिव्यांखाली पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात.

लहान मुलांमागे धावायचं असेल तर ही लेन्स घेऊ नका. मोटर असलेली एएफ-एस ५० मिमी घ्या. लग्नकार्यात मीही 'ए' मोडवर (छिद्र मी ठरवते, शटर कॅमेरा) जाते आणि कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स लावते, कारण तिथे क्षण थांबत नाहीत. रविवारी सकाळी मंडईत मात्र हीच जोडी घेऊन जाते. ताडपत्रीखालच्या भाज्यांवर पडणारा निळसर उजेड अजून नीट जमलेला नाही.