जुना रूट ६६: अॅम्बॉयचा तुकडा की ओटमनचा घाट?

लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅन्यनला निघालात की बार्स्टोच्या पुढे आय-४० हा महामार्ग लागतो. वेगवान आणि कंटाळवाणा. त्याच्या आसपासच १९२६ साली सुरू झालेला आणि १९८५ साली सरकारी नकाशातून वगळलेला रूट ६६ हा जुना महामार्ग तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे. वाटेत तास-दोन तास काढून एक तुकडा करायचा, तर मोहावी वाळवंटात दोन दावेदार आहेत: कॅलिफोर्नियातला अॅम्बॉयचा आणि अॅरिझोनातला ओटमनचा. एकाच दिवसात दोन्ही उरकायला गेलात तर कॅन्यनला अंधारात पोहोचाल.

लडलो ते अॅम्बॉय साधारण २८ मैल. रस्ता जवळजवळ सरळ, डांबर खडबडीत, शेजारून लांबच लांब मालगाड्या. मधे काही नाही, आणि ते ‘काही नाही’ बघायलाच तिथे जायचं. अॅम्बॉय क्रेटर हा काळ्या ज्वालामुखीचा शंकू, त्यापलीकडे कोरड्या तळ्यातली मिठागरं आणि गावात रॉइज मोटेलची १९५९ सालची भलीमोठी पाटी. १९७३च्या सुमारास आय-४० झाला, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि गाव ओस पडलं. अॅम्बॉयच्या पूर्वेला पुरांनी जुने लाकडी पूल खचवलेत, त्यामुळे पुढचा बराच भाग बंद असतो. केलबेकर रोडने परत आय-४०वर या, पण निघण्याआधी काउंटीची बंद रस्त्यांची यादी बघा.

ओटमनचा मामला उलटा. टोपॉकला आय-४० सोडायचा, ओटमनला जायचं, सिटग्रीव्ह्ज पास ही खिंड चढायची आणि पुढे किंगमनला परत आय-४० गाठायचा. वरंध घाटात गाडी चालवली असेल तर या वळणांची अंदाजे कल्पना येईल; फक्त हिरवळ काढून टाका आणि बऱ्याच ठिकाणी कठडाही. ४० फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. ओटमन हे सोन्याच्या खाणींचं गाव. खाणी गेल्या, खाणवाल्यांच्या गाढवांचे वंशज मात्र भर रस्त्यात ठाण मांडून असतात आणि गाडीच्या खिडकीत तोंड घालतात. मुलं बेहद्द खूश होतात. (खायला घालू नका.) बाकी गाव म्हणजे टी-शर्टांची दुकानं आणि लुटुपुटूच्या गोळीबाराचे खेळ, मला ते जत्रेसारखं वाटतं.

मुलं बरोबर असतील तर ओटमन. भारतातून आलेल्या आई-बाबांना गाडी लागत असेल तर अॅम्बॉय. जोशुआ ट्री नॅशनल पार्ककडे जायचं असेल तर प्रश्नच नाही, अॅम्बॉयहून ट्वेंटीनाइन पाम्सला थेट रस्ता आहे. माझं मत अॅम्बॉयला, पण हिवाळ्यातच. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि क्रेटरच्या वाटेवर झाडाची सावली नाही. तेव्हा गाडीतून न उतरता होणारा ओटमनचा घाटच बरा. कुठेही जा, पेट्रोल आय-४० सोडण्याआधीच भरा आणि पाणी भरपूर घ्या.