जुन्या पिकअपचा मास्टर सिलेंडर बदलताना झालेली फसवणूक

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गूळ भरून गगनबावड्यामार्गे तळकोकणात उतरणाऱ्या पिकअपपैकी अनेक गाड्या बऱ्याच जुन्या आहेत आणि त्यांचा ब्रेकचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल दाबणारा भाग, कधी ना कधी बदलावाच लागतो. बाहेर कोठेही तेल गळत नसताना पाय ठेवलेले पेडल हळूहळू खाली बसू लागले, की आतल्या पिस्टनची रबरे झिजली असण्याची शक्यता मोठी असते. माझ्या पिकअपमध्ये हेच लक्षण दिसल्यावर मी महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये काम दिले. तेथे जे घडले ते इतर गाडीमालकांना कळावे, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

गाडी परत देताना गॅरेजमालकाने मला पेडल दाबून पाहायला सांगितले. “बघा मालक, पेडल कसं घट्ट झालंय. कंपनीचा नवाकोरा माल टाकलाय,” असे तो म्हणाला. बिलात नवा मास्टर सिलेंडर, मागच्या ॲक्सलजवळचा नवा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, पाइप आणि मजुरी अशी नोंद होती. पेडल खरोखरच घट्ट होते आणि फसवणुकीचे मर्म नेमके त्या घट्टपणातच होते.

माझ्या गाडीच्या मूळ सिलेंडरचा बोअर (आतील व्यास) 22.22 मिमी, म्हणजे 7/8 इंचाचा आहे; बसवलेला सिलेंडर 25.4 मिमी, म्हणजे एक इंचाचा निघाला. फरक तीन मिलिमीटरचा वाटतो, परंतु तेलावरील दाब पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि ते क्षेत्रफळ सुमारे 388 चौरस मिमीवरून 507 चौरस मिमीवर गेले होते. त्यामुळे पाय तेवढ्याच जोराने दाबला, तरी चाकांकडे जाणारा दाब सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाला. मोठा पिस्टन थोड्या हालचालीत जास्त तेल ढकलतो, म्हणून पेडल कमी खाली जाते आणि कडक लागते. ब्रेक सुधारला असा भास होतो, प्रत्यक्षात गाडी थांबवण्यासाठी पायाला जास्त जोर लावावा लागतो. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर हे सहज लक्षात येत नाही. भरलेली गाडी घेऊन करूळ घाट उतरताना मात्र पूर्ण जोर लावूनही गाडी हवी तशी आटोक्यात येत नव्हती, आणि मागून येणाऱ्या एसटीला वाट देण्यासाठी कडेला थांबणेही अवघड झाले.

परत आल्यावर शिरोलीतील एका जुन्याजाणत्या मिस्त्रींनी सिलेंडर उतरवून व्हर्नियरने मोजला, तेव्हा वरचा आकडा समोर आला. सिलेंडर नवाही नव्हता. फ्लँजच्या भोकांभोवती ताज्या काळ्या रंगाखाली जुन्या वॉशरचे वळ स्पष्ट होते, आणि बोअर घासून केवळ रबरांचे नवे किट घातलेले होते. दुसऱ्या गाडीतून काढलेला, हाताशी होता तो सिलेंडर नव्या खोक्यात घालून मला विकला गेला होता.

पाइपजोडणीची तऱ्हा याहून वाईट होती. सिलेंडरच्या तोंडाचे आटे 10 मिमीचे, 1 मिमी पिचचे (दोन आट्यांमधील अंतर) होते आणि पाइपचा नट 3/8 इंचाचा, इंचाला 24 आट्यांचा होता. हे दोन्ही एकमेकांत सैलसर फिरतात, पण पकड धरत नाहीत. ती उणीव झाकण्यासाठी नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. ब्रेकच्या जोडात तेल आट्यांवर अडत नाही, ते पाइपच्या फ्लेअरवर, म्हणजे पसरवलेल्या तोंडावर, अडते. टेपने तेथे काहीच साधत नाही, उलट तिचे तुकडे आत जाऊन बारीक छिद्रे बंद करू शकतात. मागच्या चाकांच्या लाइनमध्ये तर लोड सेन्सिंग व्हॉल्व्हच नव्हता. त्याच्या जागी साध्या तांब्याचा पाइप सरळ जोडून दिला होता आणि व्हॉल्व्हचे पैसे मात्र घेतले होते. हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी असताना मागच्या चाकांचा दाब मर्यादित ठेवतो. तो काढला, तर पावसात रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. साधे तांबे सततच्या हादऱ्यांनी कडक होऊन तडकते, म्हणून ब्रेकला स्टीलचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप आणि जोडाला जुळणारा फ्लेअरच लागतो. एवढे माहीत असूनही कोणी असे काम करून गाडी घाटात पाठवतो, याचा मला पैशांपेक्षा अधिक संताप आहे.

सिलेंडर बदलायचा असल्यास जुना भाग उघडून बोअर स्वतःसमोर मोजून घ्यावा आणि नवा तेवढ्याच मापाचा असल्याची खात्री करावी. पुष्कळ सिलेंडरच्या अंगावर ते माप उठवलेलेही असते. जुना भाग गॅरेजमध्ये सोडू नये. पुशरॉड (पेडलचा जोर पिस्टनपर्यंत नेणारा दांडा) आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक आहे ना, हेही विचारावे. ती नसेल, तर तेल टाकीत परतण्याचे छिद्र बंद राहते आणि ब्रेक धरून राहून तापतात. बिलावर भागाचा क्रमांक आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्यावा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही, असे सांगून मला परतवण्याचा प्रयत्न झाला. परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात मोडत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मी तक्रारीचे कागद तयार करू लागल्याचे कळताच गॅरेजमालकाने पूर्ण रक्कम परत देऊ केली, मात्र बदल्यात तो सिलेंडर आणि तांब्याचा पाइप मागितला. ते दोन्ही भाग, मिस्त्रींनी मापे लिहून सही केलेल्या कागदासह, मी माझ्याकडेच ठेवले आहेत.