दगडी चर्चमधल्या तीन संध्याकाळी आणि एक पायपेटी

स्टेशनापलीकडचं आमचं दगडी चर्च आता गाण्याबजावण्याला, चित्रांच्या प्रदर्शनाला, नाटकाच्या तालमींना खुलं झालंय. गेल्या पावसाळ्यापासून मी तिथे तीन कार्यक्रम ऐकले आणि मधले चौदा दिवस कामही केलं. तिकीट १०० रुपये. पुढे बसा नाहीतर मागे, भाव एकच. मी जळगावात बाजाच्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो. वडिलांचं दुकान, तेच पुढे चालवतोय. त्यामुळे कुठल्याही जागेत शिरलो की दिवे आणि खुर्च्या नंतर दिसतात, आधी तिचा आवाज कळतो. हा अभिप्रायही त्याच क्रमाने.

आधी जागेविषयी थोडं. रेल्वे आली म्हणून हे चर्च आलं. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची भुसावळहून निघालेली फांदी १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली मुख्य लाइन जबलपूरला जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग गाडीने होऊ लागला. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, त्यांचे साहेब, गोरी आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं या लाइनवरच्या गावांत राहायला आली, त्यांच्यासाठी हे बांधलं. देश स्वतंत्र झाल्यावर ती कुटुंबं एकेक करून निघून गेली. गावातल्या मराठी ख्रिस्ती घरांचं चर्च बाजाराच्या बाजूला आहे, त्यामुळे इथे कुलूप लागलं ते लागलंच. माझ्या लहानपणी आत कबुतरं आणि वटवाघळं होती.

आत भिंतींवर संगमरवराच्या पाट्या आहेत. एका पाटीवर कॉलऱ्याने गेलेली दोन भावंडं आहेत, एक चार वर्षांचं, एक दीड वर्षाचं. आता जागा सांभाळणाऱ्या समितीने त्या पाट्या नुसत्या पुसल्या. त्यांच्यावर बॅनर टांगायचा नाही, खिळा मारायचा नाही, समोर फुगे लावायचे नाहीत. हा नियम दाराशीच लिहिलाय आणि तो पाळला जातो, हे मी तिन्ही वेळा पाहिलं. वेदीच्या चौथऱ्यावरही कलाकार बसत नाहीत. तीन पायऱ्या सोडून खाली, लोकांच्या बरोबरीने, सतरंजीवर बैठक असते. नाताळला तो चौथरा पुन्हा वेदी होतो आणि बाजारातल्या चर्चची मंडळी इथे येऊन प्रार्थना करतात. ज्यांचं होतं त्यांना बाहेर न काढता जागा गावाची केली, याबद्दल समितीला माझे पूर्ण गुण.

आता आवाज. काळ्या पाषाणाच्या भिंती, चुन्याचा गिलावा, खाली शहाबादी फरशी, वर सागाच्या कैच्या, म्हणजे छपराचा लाकडी सांगाडा, आणि त्यावर मंगळुरी कौलं. म्हणजे आवाज पिऊन घेईल असं काही नाही. रिकाम्या हॉलमध्ये मी टाळी वाजवली आणि घड्याळ धरलं. टाळीचं शेपूट विरायला तीन सेकंद लागले.

पहिला कार्यक्रम उद्घाटनाचा, आषाढातला. कुणीतरी हौसेने दोन्ही बाजूंना डीजेचे खोके उभे केले. निवेदक बोलायला लागला आणि एक शब्द कळेना. एक अक्षर विरेपर्यंत पुढची पाच बाहेर पडलेली. तबल्याचा तर चिखल झाला. द्रुत लयीत बोटं हलताना दिसत होती, ऐकू येत होता नुसता घुमारा. आवाज कळत नाही म्हणून ऑपरेटरने आणखी वाढवला, म्हणून आणखी कळेना. मागच्या बाकावरची म्हातारी माणसं मध्यंतरात उठून गेली. बाहेर पडताना लोक म्हणत होते की ही जागाच गाण्याची नाही. मला फार वाईट वाटलं, कारण दोष जागेचा नव्हता.

ही अडचण जगाला नवी नाही. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात मास्तरांचं बोलणं मुलांना कळेना. तिथला तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबाइन रात्र रात्र शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, त्या मांडायचा, ऑर्गनच्या नळीचा सूर सोडायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. पाच सेकंदांहून जास्त टिकणारा घुमारा त्याने गाद्या घालून घालून एका सेकंदाच्या आसपास आणला. त्यातूनच नियम निघाला: जागा जितकी मोठी तितका घुमारा जास्त, आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका कमी. आणि शोषणाऱ्या सामानात माणूस फार वरच्या नंबरावर येतो.

मी हे समितीला सांगितलं आणि म्हटलं, गाद्या आपल्याकडे कशाला कमी आहेत, खान्देश कापसाचा मुलूख. पुढच्या कार्यक्रमाला मागच्या भिंतीवर बांबू बांधून बायकांनी बावीस गोधड्या टांगल्या. जुन्या लुगड्यांच्या, हातशिलाईच्या, आठआठ पदरी. खाली जाजम, त्यावर सतरंज्या. बाकं कडेला सरकवली, माणसं दाटीने मांडी घालून बसली. पुन्हा टाळी वाजवली तेव्हा शेपूट निम्म्यावर आलं होतं. आणि त्या गोधड्या त्या भिंतीवर इतक्या शोभल्या की आता त्या तिथेच राहणार आहेत.

ती दुसरी संध्याकाळ श्रावणातली, कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्यांची. आठ बाया, सगळ्यात धाकटी पन्नाशीची. माइक पुढे आणला तर त्यांच्यातली म्होरकी म्हणाली, "माइक ऱ्हाऊ दे भाऊ, आमना आवाज भलता मोठा शे." आणि खरंच पुरला. घरोघरी कानबाई बसते, रोटांचा स्वयंपाक होतो, तेव्हा ही गाणी मी जन्मभर ऐकलीत. पण घरात भांड्यांचा, पोरांचा, पंख्याचा आवाज असतो. इथे पहिल्यांदा कळलं की दोघी ओळ उचलतात आणि बाकीच्या शेवटचं अक्षर लांबवून धरतात, ते कैचीपर्यंत चढून दुसऱ्या ओळीवर अलगद उतरतं. अहिराणी शब्दाच्या शेवटचा तो लांब स्वर या छपराखाली जसा ऐकू येतो तसा मी कुठल्याच सभागृहात ऐकला नाही. शेजारी बसलेला माझा बारावीतला भाचा सबंध वेळ मोबाइल खिशात ठेवून होता.

त्याच रात्री राखणदार मावशींनी मला कोपऱ्यातली ताडपत्री उचलून दाखवली. खाली पायपेटी, विलायती, शिसवी रंगाची. झाकणावर पानाएवढा पापुद्रा सुटलेला. मावशी बाजारातल्या चर्चच्या. त्या म्हणाल्या, "दादा, वाजली नाही तरी चालेल, पण वाळवीपासून वाचवा." मी दुसऱ्या सोमवारी हत्यारं घेऊन गेलो.

आपली हातपेटी भात्याने हवा बाहेर ढकलते. ही बहुतेक वेळा उलटी चालते, पायांनी हवा आत ओढते, म्हणून सूर मऊ निघतो. मराठी संगीत नाटकाच्या साथीला जो ऑर्गन असायचा तो हाच. भात्याचं रबरी कापड पापडासारखं तुटत होतं, ते सगळं बदललं. पायट्याच्या पट्ट्या कुजल्या होत्या, तिथे खाटेची नवारपट्टी लावली. उंदरांनी खालच्या सप्तकाच्या कप्प्यात घर केलं होतं. सुऱ्या, म्हणजे ज्या थरथरून सूर देतात त्या पट्ट्या, मात्र पितळी, जाड, आणि एकशेवीस-पंचवीस वर्षांच्या असाव्यात तरी फक्त तीन तुटलेल्या. बोटांनी दाबायच्या एका पट्टीखाली कुणा जुन्या कारागिराने उंची बरोबर करायला जाड पुठ्ठ्याचा तुकडा सारला होता. काढून पाहिला तर रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट, अर्धं कापलेलं, अक्षरं पुसलेली. पट्टी त्याच्यावर अगदी बरोबर बसत होती. मी ते होतं तिथेच परत ठेवलं.

एक निर्णय मला जड गेला. या पेटीचा सूर आजच्या पेटीपेक्षा चढा आहे. सगळ्या जगाने पांढऱ्या सहासाठी ४४० चा सूर (सेकंदाला ४४० कंपनं) धरायचा असं १९३९ साली ठरलं. त्याआधीच्या विलायती वाद्यांचा सूर पुष्कळदा याच्या वर असायचा. सुरीच्या बुडाशी घासलं की सूर उतरतो, टोकाला घासलं की चढतो, म्हणजे मला तो उतरवता आला असता. पण प्रत्येक सुरीचं पितळ कमी झालं असतं आणि परत आणता आलं नसतं. मी हात लावला नाही. हिच्याबरोबर दुसरी पेटी वाजवू नका, हीच वाजवा आणि गाणाऱ्याने हिचा सूर घ्यावा, असं समितीला सांगितलं. त्यांनी ऐकलं.

तिसरी संध्याकाळ डिसेंबरची. पहिला भाग बाजारातल्या चर्चच्या मंडळींचा. त्यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हटली, टाळ, तबला आणि ही पायपेटी घेऊन. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंगाची चाल त्यांनी सोडली नाही, आणि ती चाल या दगडात बसल्याबरोबर कुणालाही परकं वाटेनासं झालं. वारकरी घरातली माणसं मान डोलवत होती. दुसऱ्या भागात नाट्यपदं. माइक एकही नाही, पंखे बंद, सव्वाशे माणसं. गाणाऱ्याने तान संपवून थांबावं आणि सूर आणखी क्षणभर वर तरंगत राहावा, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

आता तक्रारी. बायकांसाठी स्वच्छतागृह एकच आहे आणि ते आवाराच्या टोकाला, अंधारात. हे सगळ्यात आधी सुधारा. दाराच्या पायऱ्यांना कठडा नाही. पंखे चालू असले की खडखडतात आणि चैत्रात ते बंद ठेवणं शक्य नाही, पारा ४४-४५ला जातो. माझ्या मते मैफली दिवाळी ते होळी ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात चित्रं लावावीत. डफावरचं वहीगायन, ही आपली लोकगाणी, आत नको, बाहेर निंबाखाली ठेवा, ती कला उघड्यावरचीच. बचत गटाचं भरीत-पुरी फार उत्तम, कळण्याची भाकरीही असते, पण कार्यक्रम चालू असताना कढई चढवू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून. हा हॉल लग्नाला द्यावा असं समितीत पुन्हा निघालंय. एका लग्नाचं भाडं चार कार्यक्रमांइतकं येतं, कौलं बदलायची आहेत, हे मला कळतं. पण लग्न आलं की डीजे आला, कैच्यांची धूळ खाली आली, गोधड्या उतरल्या. लंडनमध्ये सेंट ल्यूक नावाचं १७३३ सालचं चर्च आहे. जमीन खचली म्हणून १९५९ साली बंद झालं, छप्पर उतरवलं, चाळीस वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या. २००३ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते तालमींसाठी, मैफलींसाठी आणि पोरांना संगीत शिकवण्यासाठी पुन्हा उघडलं. आपल्या भिंतींवर तर छप्परही शाबूत आहे. कौलांसाठी वर्गणी काढा, माझे पाच हजार आधी लिहा.

पायट्याची नवारपट्टी दोनेक वर्षांत सैल पडेल. जादा पट्टी आणि चार खिळे मावशींजवळ पेटीच्या खणात ठेवलेत. बसवणं अवघड नाही, मावशींच्या नातवाला दाखवून ठेवलंय.