झेडएबीचं पदवी मूल्यांकन : २०८ युरो कधी द्यावेत आणि कधी वाचवावेत

पुण्या-मुंबईहून जर्मनीला नोकरीसाठी निघालेल्या इंजिनिअरला कुणी ना कुणी सांगतंच, ‘झेडएबी करून घे.’ परदेशी पदवीचं मूल्यांकन करणारी ही जर्मन सरकारी सेवा चांगली आहे, दरही पटण्यासारखा आहे, पण तिची गरज प्रत्येकाला नसते. म्हणून ती कुणी घ्यावी आणि घेताना काय सांभाळावं, हे आधी कळायला हवं.

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. तिथल्या १६ राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक कायमस्वरूपी परिषद आहे आणि परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणारं तिचं कार्यालय म्हणजे झेडएबी. ते बॉनमध्ये आहे. परदेशी पदवी जर्मन व्यवस्थेत कोणत्या पातळीची ठरते, हे ते लेखी देतं. शुल्क २०८ युरो, म्हणजे साधारण २० हजार रुपये. सगळे कागद आणि पैसे पोचल्यापासून तीन महिने धरून चालायचं. हातात नोकरीचा करार असेल आणि ब्लू कार्डसाठी (पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या निवास परवान्यासाठी) अर्ज असेल, तर हेच काम दोन आठवड्यांत करण्याची सोय आहे. अर्ज ऑनलाइन होतो, बॉनला कुरिअर पाठवावं लागत नाही. सरकारी कामाच्या मानाने ही मोठीच सोय आहे.

आता गोंधळाकडे वळू, कारण लोकांचे पैसे तिथेच जातात. अपोस्टिल, एपीएस आणि झेडएबी ही तीन नावं एकाच दमात घेतली जातात, पण तिघांचं काम वेगळं.

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लावलेला परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. त्यासाठी आधी राज्य पातळीवर पदवी साक्षांकित करावी लागते, महाराष्ट्रात त्याला मंत्रालयाच्या फेऱ्या लागतात किंवा एजंट लागतो. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. त्यामुळे भारतातलं अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. झेडएबी ते मागतही नाही. तरीही ‘जर्मनी पॅकेज’मध्ये अपोस्टिल घालून विकणारे एजंट सापडतात. त्यांना हा एकच प्रश्न विचारावा की हे कोणत्या जर्मन कार्यालयाने मागितलंय, ते लेखी दाखवा.

एपीएस ही दिल्लीतल्या जर्मन दूतावासाशी जोडलेली यंत्रणा. कागद खरे आहेत का आणि ते जर्मन विद्यापीठात प्रवेशासाठी पुरेसे आहेत का, हे ती बघते. नोव्हेंबर २०२२ पासून शिकायला जाणाऱ्यांना व्हिसासाठी तिचं प्रमाणपत्र लागतं, शुल्क १८ हजार रुपये. नोकरीच्या व्हिसासाठी ते लागत नाही. थोडक्यात, शिकायला जायचं तर एपीएस, नोकरीला जायचं तर झेडएबी. क्लासवाल्याने दोन्ही करायला सांगितलं तर थांबून कारण विचारा.

पैसे भरण्याआधी अनाबिन बघायचं. झेडएबीचाच हा माहितीसाठा आहे, सगळ्यांना खुला आणि फुकट. पानं जर्मनमध्ये आहेत, ब्राउझरच्या भाषांतरावर काम भागतं, पण मूळ जर्मन शब्द डोळ्यांनी बघून घ्यावेत. शोध दोन ठिकाणी घ्यायचा, एकदा संस्थेचा आणि एकदा पदवीचा. देश म्हणून ‘इंडिएन’ (Indien) निवडायचा, जर्मनमध्ये भारताचं नाव तसंच लिहितात.

संस्थेपुढे तीनपैकी एक खूण असते. ‘एच प्लस’ म्हणजे मान्य. ‘एच मायनस’ म्हणजे अमान्य. ‘एच प्लस-मायनस’ म्हणजे काही अभ्यासक्रम चालतात, काही नाही, किंवा मान्यतेला काळाची अट आहे. तिथली टीप वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पदवीच्या नोंदीत ‘एंटश्प्रिश्ट’ (entspricht) किंवा ‘ग्लाइशव्हेर्टिग’ (gleichwertig) असेल तर ती जर्मन पदवीशी जुळते. ‘बेडिंग्ट फेर्ग्लाइशबार’ (bedingt vergleichbar) असेल तर अर्धीमुर्धीच जुळते आणि व्हिसाला ती नोंद पुरत नाही.

संस्था एच प्लस आणि पदवी या दोन शब्दांपैकी एकाने जुळलेली असेल, तर दोन्ही पानांची प्रिंट काढून व्हिसाच्या फाइलला लावायची. २०८ युरो वाचले, तीन महिनेही वाचले. दोन्हीपैकी एक जरी अडलं तरी झेडएबीचं मूल्यांकन लागतं.

शोध घेताना मराठी मुलांची सगळ्यात जास्त फसगत कॉलेजच्या नावावर होते. कॉलेजचं नाव टाकतात, काही सापडत नाही आणि घाबरून थेट अर्ज करतात. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. संलग्न कॉलेज असो वा स्वायत्त, पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर ज्या विद्यापीठाचं नाव छापलंय तेच शोधायचं. त्यात आपल्याकडे नामांतरं झालेली. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं आणि सोलापूरला त्यानंतर अहिल्यादेवी होळकरांचं. जुनं नाव, नवं नाव आणि गावाचं नाव, तिन्ही टाकून बघा. लांबलचक नाव पूर्ण टाइप केलं की एखाद्या अक्षराच्या फरकाने शोध रिकामा येतो. ‘पुणे’ किंवा ‘सोलापूर’ एवढाच तुकडा टाकला की यादी समोर येते. त्या यादीत सारख्या नावाच्या खासगी संस्थाही असतात, चुकीच्या ओळीची प्रिंट काढू नका. २०२२ मध्ये पुण्याचं सीओईपी स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं, पण तिथून आधी पास झालेल्यांच्या पदवीवर पुणे विद्यापीठच आहे, त्यांनी तेच शोधावं.

पदवीच्या नावाचंही तसंच. बीई आणि बीटेक या वेगळ्या नोंदी आहेत, प्रमाणपत्रावर जे लिहिलंय तेच जुळवायचं. पदवी नव्या किंवा वेगळ्याच नावाची असेल आणि यादीत नसेल, तर ‘जवळपास तीच आहे’ म्हणून दुसऱ्याच पदवीचं पान लावू नका. व्हिसा अधिकारी ते मान्य करेल याची खात्री नाही आणि फाइल अडकली की मग झेडएबीला अर्ज करायचाच आहे.

अर्जात लागतात ते कागद मोजकेच : पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा आणि ब्लू कार्डच्या जलद मार्गासाठी नोकरीचा करार. कागद इंग्रजीत असतील तर जर्मन भाषांतर करून घेण्याची गरज नाही. आपल्या विद्यापीठांच्या पदव्यांवर मराठीच्या जोडीला इंग्रजी मजकूर असतो, त्यामुळे अडचण सहसा येत नाही. इथपर्यंत सोपं आहे. अर्ज रखडतात ते पुढच्या गोष्टींमुळे.

पहिली, नाव. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बहुतेक ठिकाणी आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडलेलं, किंवा कधी अजिबात नसलेलं. बॉनमध्ये बसलेल्या माणसाला ‘पाटील स्नेहा विजय’ आणि ‘स्नेहा पाटील’ ही एकच व्यक्ती आहे हे आपोआप कळत नाही. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरावा आणि सोबत एका पानावर साध्या इंग्रजीत लिहून द्यावं की गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी येतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावं. ते नुसतं मराठीत असेल तर त्याचं मात्र भाषांतर लागेल. नाव राजपत्रात बदललं असेल तर ते पानही द्यावं. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावाचून पत्रव्यवहारात आठवडे जातात.

दुसरी, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेले विद्यार्थी. त्यांच्याकडे तिसऱ्या सत्रापासून आठव्यापर्यंतच्या सहाच गुणपत्रिका असतात. चार वर्षांच्या पदवीला पहिलं वर्ष कुठंय, हा प्रश्न येणारच. म्हणून तंत्रशिक्षण मंडळाचं डिप्लोमा प्रमाणपत्र आणि त्याच्या गुणपत्रिका पहिल्याच फेरीत जोडा, शिवाय प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला झाला असं कॉलेजचं पत्र घ्या. हे पत्र कॉलेजात सहज मिळतं, मागायचं सुचलं पाहिजे इतकंच.

तिसरी, एटीकेटी. विषय राहून पुन्हा दिला असेल तर एकाच सत्राच्या दोन-तीन गुणपत्रिका होतात. लपवायचं काही नाही, झेडएबी टक्के बघत नाही, पूर्ण झालेली पदवी बघते. पण फक्त नापासाची गुणपत्रिका लावून पासाची विसरली, तर पदवी अपुरी दिसते. सत्राच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक सत्राची शेवटची, पास झालेली गुणपत्रिका त्यात आहे ना हे तपासा.

चौथी, स्कॅन. मूळ कागदावरून रंगीत स्कॅन करा, झेरॉक्सवरून नको. मागच्या बाजूला गुणदान पद्धत छापलेली असेल तर तीही बाजू घ्या. मोबाइलच्या अ‍ॅपने काढलेल्या चित्रात कडा कापल्या जातात आणि नेमका तिथेच अनुक्रमांक किंवा शिक्का असतो. जुन्या, लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावर प्रकाश चमकून सही नाहीशी होते. अशा वेळी सायबर कॅफेतला फ्लॅटबेड स्कॅनर बरा. मूळ कागद मात्र जपून ठेवा, शंका आली तर ते मागवण्याचा अधिकार झेडएबीला आहे.

आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावर अवलंबून राहू नका. पदवीदान समारंभ झाला, अर्ज केला नाही, पदवी विद्यापीठातच पडून आहे, असं आपल्याकडे सर्रास होतं. नोकरीची मुलाखत ठरली की आधी पदवी हातात घ्या. गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत काढण्यात जो वेळ जातो, तो झेडएबीच्या वेळेपेक्षाही बेभरवशाचा असतो.

शुल्क भरेपर्यंत काम सुरू होत नाही, हे लक्षात ठेवा. बँकेतून परदेशी पैसे पाठवत असाल तर सगळे बँक खर्च स्वतःकडे घेण्याचा पर्याय निवडा. नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते, तिकडे २०८ ऐवजी कमी रक्कम पोचते आणि भरणा अपुरा ठरतो. कळवलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा टाका.

बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही असेल तर मूल्यांकन सर्वोच्च पदवीचं घ्यावं, आधीच्या पदवीचे कागद आधार म्हणून जोडावेत. दोन्हींचं वेगवेगळं मूल्यांकन करायचं तर शुल्क वाढतं आणि ब्लू कार्डसाठी त्याचा उपयोग नाही. ‘फाइल वजनदार दिसते’ म्हणून दोन्ही घेणं हा निव्वळ अपव्यय.

हातात येतं ते जर्मन भाषेतलं पत्र. त्यात पदवीचं मूळ नाव, संस्था, तिची मान्यता, अभ्यासक्रमाचा काळ, जर्मन पातळीशी तुलना आणि पुढे शिकायचं तर कोणती दारं खुली आहेत, हे सगळं येतं. मजकूर नेमका असतो आणि जर्मन कंपनीच्या एचआरला एका नजरेत कळतो. माझ्या मते २०८ युरोंचं खरं मोल इथे आहे. पत्राला मुदत नसते, नोकरी बदलली तरी तेच चालतं. मास्टर्सला प्रवेश घेणाऱ्यांनी टक्क्यांचं जर्मन गुणांत रूपांतर करून घेण्यासाठी अर्ज करू नये, ते काम विद्यापीठं स्वतः करतात.

तक्रारीची जागाही आहे. तीन महिन्यांच्या काळात अर्ज कुठे पोचलाय हे नीट कळत नाही आणि अनाबिन जर्मन न येणाऱ्याला अवघडच जातं. ज्या सेवेचे ग्राहकच परदेशी आहेत, तिने एवढं तरी सोपं करायला हवं. घाई असेल तर कंपनीला जलद प्रक्रियेबद्दल विचारा. तिथलं परदेशी नागरिक कार्यालय ४११ युरो घेऊन पूर्ण प्रकरण मार्गी लावतं आणि झेडएबीचं कामही त्यात वेगाने होतं. हा अर्ज कंपनीनेच करायचा असतो.

डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट आणि शिक्षक यांनी या वाटेला जाऊच नये. त्यांचे व्यवसाय जर्मनीत कायद्याने नियंत्रित आहेत आणि मान्यता त्या-त्या राज्याचं कार्यालय देतं. झेडएबीचं पत्र दाखवून दवाखान्यात काम करता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंगच्या मुली याबद्दल फार विचारतात, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकवाल्यांसाठी झेडएबीने २०२४ पासून वेगळी सेवा सुरू केली आहे : किमान दोन वर्षांचं, सरकारमान्य व्यावसायिक शिक्षण आहे की नाही, एवढंच ती तपासून देते. अनुभवाच्या आधारावर नोकरीचा व्हिसा किंवा जून २०२४ पासूनचं, जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्यासाठीचं संधी कार्ड यासाठी ती चालते. एक वर्षाचा आयटीआय ट्रेड त्यात बसत नाही, दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन बसू शकतो. पण पूर्ण कुशल कामगार म्हणून मान्यता हवी असेल तर ती उद्योग व व्यापार मंडळांच्या न्यूरेम्बर्गमधल्या केंद्राकडून किंवा हस्तव्यवसाय मंडळाकडून घ्यावी लागते, आणि तिथे नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील आणि केलेल्या कामाची पत्रंही मागतात.